आठ दिवस मागे जाणारं घड्याळ

"माझ्या निष्काळजीपणामुळे सर्व्हर वारंवार बंद पडला व विभागाच्या कामाचा खोळंबा झाला." एवढंच एक वाक्य टाइप केलेलं होतं, आणि खाली माझ्या सहीसाठी जागा. शेती अधिकाऱ्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला, वर स्वतःचं पेनही दिलं. मी पेन परत दिलं. माझ्या नोकरीच्या पाच महिन्यांतला हा पहिला दिवस, जेव्हा साहेबांना मी नीट पाहिलं आणि साहेबांनीही मला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सातारा आणि सांगलीच्या हद्दीवरच्या एका साखर कारखान्यात, शेती विभागात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. सांगलीत राहून डिप्लोमा केलेला, परीक्षेत वर्गात पहिली आलेली, आणि नेमणूक सहा महिन्यांची. काम बरं वाटलं तर आदेश पुढे निघणार होता. गावाहून इस्लामपूर आणि तिथून दुसरी एसटी, असं करत मी साडेनऊला खुर्चीत असायचे.

काम ऊस नोंदीचं. शेतकरी लागण करतो, अर्ज आणून देतो, शिपाई त्यावर आवकचा शिक्का मारतो, आणि ती नोंद रजिस्टरला चढते. ज्याची नोंद आधी, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. ज्याची नोंद मागं पडली, त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा. त्याला तुरे येतात, तो वाळतो, वजन घटतं. आमच्या भागात माणसं सोयरीक मोडल्यावर जेवढी भांडत नाहीत तेवढी या तारखेवरून भांडत. म्हणून कॉम्प्युटर आणला होता. पुण्याच्या माणसानं प्रोग्रॅम लिहिताना एक गोष्ट पक्की केली होती: नोंदीची तारीख कुणाला हातानं टाकता येणार नाही. ती सर्व्हर स्वतः टाकेल. मला याचं फार कौतुक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते सांगायचे.

सर्व्हर म्हणजे तरी काय, विंडोज पंच्याण्णव घातलेला एक साधा टेबलावरचा कॉम्प्युटर, त्यावर डेटाबेसचं सर्व्हर सॉफ्टवेअर, आणि तारेनं जोडलेली आणखी दोन मशीनं. त्याला वेगळी खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आत उदबत्ती. त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव होता तो हेडक्लार्कचा. ते उंब्रजकडचे, पण पंचवीसेक वर्षं कारखान्याच्या वसाहतीतच राहिलेले, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. मी रुजू झाले तेव्हा विभागातल्या काहींनी माझ्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला होता. आमच्या लोकांना असे कप बघताक्षणी ओळखू येतात. काकांनी तो कप उचलून स्वतःसाठी घेतला आणि आपला मला दिला. त्या दिवसापासून मी त्यांना मानलं.

जुनी रजिस्टरं त्यांनीच मला दाखवली. अक्षर कसं, तर बघत राहावं. पण दर दिवसाच्या नोंदी संपल्या की खाली दोन ओळी मोकळ्या आणि मग पुढची तारीख. मी विचारलं, हे कशाला?

"जागा सोडावी लागती, पोरी," ते म्हणाले. "मागनं कोन येतंय, कुनाचा सांगावा येतोय, आपल्याला काय म्हाईत? एकदम गच्च लिवलं तर माणसाला बसवायचं कुटं?"

मी हसले. म्हटलं, काका, कॉम्प्युटरमध्ये मोकळी ओळ नसते. तेही हसले. म्हणाले, "त्येच तर लय अवघड हाय बघ."

जुलैत आडसालीच्या, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाच्या, नोंदी सुरू झाल्या आणि सर्व्हर बंद पडायला लागला. रोज नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, आणि नेहमी सकाळी. मी येऊन बघावं तर मशीन चालू, पण सर्व्हर उठलेला नाही. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट, तिच्यात एक आकडा आणि "सुरू होऊ शकत नाही" एवढंच. मी मशीन बंद करायचे, चालू करायचे. पुन्हा तीच चौकट. मग सांगलीला फोन लावायला टेलिफोन ऑपरेटरकडे जायचे, लाइन मिळेपर्यंत अर्धा तास जायचा, आणि परत येऊन बटण दाबलं की सर्व्हर लग्नातल्या करवलीसारखा सजून उभा! मी डोकं धरून बसायचे. बाहेर शेतकऱ्यांची रांग लागलेली, साहेब दारात उभे.

"तुम्ही आल्यापासून हे सुरू झालंय," साहेब म्हणायचे. सर्व्हर आणि मी एकाच महिन्यात आलो होतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

मग कारणं निघायला लागली. कुणी म्हणालं धूळ, कुणी म्हणालं व्होल्टेज. एका वरिष्ठ कारकुनानं असंही सुचवलं की महिन्यातले चार दिवस बाईमाणसानं मशीनला हात लावू नये. मी त्याला म्हटलं, तुम्ही वहीत दिवस मांडून ठेवा, मीही ठेवते, महिन्यानं ताळा घालू. त्यानंतर तो माझ्या खोलीत आला नाही.

सांगलीहून दुरुस्तीवाला आला. माणूस हुशार होता पण कायम घाईत. त्यानं मशीन सुरू होतानाच आतलं सेटिंग उघडलं आणि बोट ठेवलं: तारीख चुकीची आहे. आठ दिवस मागची. सर्व्हर सुरू होताना आपल्या शेवटच्या नोंदीची वेळ आणि मशीनची वेळ ताडून बघतो. मशीनची वेळ मागं असेल तर त्याला ते भविष्यात लिहिल्यासारखं दिसतं आणि तो उठत नाही. "आतला सेल संपलाय," तो म्हणाला. रुपयाएवढा गोल सेल काढला, नवा घातला, तारीख नीट केली आणि चारची गाडी पकडली.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. त्यानं पुन्हा सेल बदलला. पुन्हा तेच. आता त्यानंही हात वर केले आणि जाताना साहेबांना सांगून गेला की ऑपरेटरकडून काहीतरी चुकीचं दाबलं जात असावं. दुसऱ्या दिवशी तो सहीचा कागद टाइप झाला.

सही न करता मी खोलीत आले. साहेब मागून म्हणाले होते, "तीन दिवस देतो. आदेश महिनाअखेर संपतोय, लक्षात ठेवा. सवलतीनं आलेल्यांनी जरा नमतं घ्यावं." माझी नेमणूक कुठल्याही सवलतीतली नव्हती, आणि असती तरी मी नमले नसते. मी दार लावलं आणि मशीनसमोर बसले. म्हटलं, आता तू आणि मी.

मला एक गोष्ट खटकत होती. सेल संपला तर तारीख मागं जाते हे खरं. पण आठच दिवस का? मेलेल्या सेलला आठ दिवस मोजता येतात का? मी मशीन बंद केलं, वायर काढली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण उघडलं. ऑपरेटरनं झाकण उघडायचं नाही असा नियम होता. मी सेल काढून टेबलावर ठेवला, पंधरा मिनिटं थांबले, पुन्हा बसवला आणि मशीन सुरू केलं. तारीख आली जानेवारीची एक, कितीतरी वर्षांपूर्वीची. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा जानेवारीची एक. सेल गेला की घड्याळ सगळंच विसरतं. आठ दिवस मागं ते आपण होऊन कधी जात नाही. कुणीतरी नेलं तरच जातं.

आणि नेणं किती सोपं होतं! सुरू होताना पासवर्ड विचारणारी चौकट यायची, पण कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं की ती निमूट बाजूला व्हायची आणि आत सोडायची. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ. तिथं फक्त वेळ दिसायची, तारीख नाही. म्हणून मला इतके दिवस काही कळलं नव्हतं. त्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली की महिन्याचं कॅलेंडर उघडायचं, भिंतीवर असतं तसंच, चौकटी चौकटींचं. हव्या त्या दिवसावर बोट ठेवायचं, की झालं.

मग मी सर्व्हरची रोजनिशी शोधली. प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरतं लिहून ठेवतो: कधी उठलो, कोण आत आलं, का बंद पडलो. साध्या अक्षरांतली लांबलचक फाइल, आजवर कुणी उघडली नव्हती. मी ती वरपासून वाचत गेले. बावीस तारीख, सकाळी आठ चाळीस. त्याच्या खालची ओळ, चौदा तारीख, आठ बेचाळीस. चौदा, आठ पंचेचाळीस. मग पुन्हा बावीस, आठ पन्नास. असं पानोपानी, तारखा वेगवेगळ्या, पण अंतर दर वेळी आठच दिवसांचं. कुणीतरी तारीख मागं न्यायचं, दोनतीन नोंदी करायचं, आणि तारीख पुन्हा जागेवर आणायचं. मधेच लाइट गेली की फसायचं. मशीन पुन्हा उठायचं ते मागच्या तारखेवर आणि सर्व्हर नकार द्यायचा. मी फोनसाठी गेले की तो कुणीतरी येऊन तारीख सरळ करून जायचा.

सकाळी आठ चाळीसला ऑफिसात एकच माणूस असायचा. चावी काकांकडेच होती.

मला वाईट वाटलं म्हणणं फार कमी होईल. मी त्या खोलीत बसून रडले. मग तोंड धुतलं आणि नोंदी काढल्या. प्रत्येक नोंदीला सर्व्हर चढता क्रमांक देतो, त्याला मागं नेता येत नाही. क्रमांक उशिराचा आणि तारीख आधीची, अशा नोंदी मी वेगळ्या केल्या. सतरा निघाल्या. बहुतेक नावं अशी की त्यांच्या दारात आमच्या साहेबांची जीप उभी असायची. सतराव्या नोंदीवर माझ्या वडिलांचं नाव होतं.

आमची जमीन पाऊण एकर. आबा फौजेतून परत आले, गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत पहिली विहीर त्यांनी खोदली आणि मग ऊस लावला. त्या वर्षी त्यांची लागण उशिरा झाली. एकवीसला ते अर्ज घेऊन आले, मी रांगेत गुंतले होते, तर काका म्हणाले, "द्या हिकडं, मी बगतो." पुढं एकदा तपासणीच्या यादीत मला आबांचं नाव बरंच वर दिसलं होतं. मी क्षणभर थांबले, मनातून खूश झाले आणि पुढं गेले. विचारलं नाही. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

काका दुपारचा डबा खाऊन आले तेव्हा मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचले.

"म्या कुटं चोरी केली?" ते म्हणाले. "जागा सोडली व्हती, तितं माणसं बसवली. आयुष्यभर तेच केलं. तुज्या मशीनीत ओळ न्हाई, मग मला मागं जावं लागलं."

"काका, त्यानं सर्व्हर बंद पडायचा. माझ्यावर आलं सगळं. तुम्ही रोज बघत होता."

"त्यानं बंद पडतंय हे मला काय म्हाईत?"

"मग मी फोनला गेले की तारीख सरळ कोण करत होतं?"

कागदावर शेवटच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यो बी माझ्याच सोडलेल्या जाग्यात हाय. कुनी सांगितलं नव्हतं मला. तुज्यासाटी केलं. आता तुझं तू बघ, कागद दावायचा का फाडायचा."

त्यांनी माझा कप उचलला होता, आणि तेच मला निष्काळजी ठरवणाऱ्या कागदाकडे गप्प बसून बघत राहिले होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या. मला त्यातली एक धरून दुसरी सोडता आली नाही, अजूनही येत नाही. पण कागद फाडायचा नाही, हे त्या क्षणीच ठरलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी केलं असेल, पण मला विचारून केलं नाही." आणि कागद उचलले.

साहेबांनी सगळं बघितलं. ते चिडले नाहीत, उलट गोड बोलायला लागले. "हुशार आहात. सेल खराब होता असं आपण लिहू. तुमच्या खुलाशाची गरज नाही, आदेश पुढे काढतो. सोमवारी यादी आहे तशी वाचा." मग हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांचंही भलंच आहे त्यात."

यादी वाचणं ही आमच्याकडची जुनी पद्धत. नोंदी संपल्या की ऑफिससमोरच्या पटांगणात शेतकरी जमतात, नाव आणि तारीख मोठ्यानं वाचली जाते, ज्याचं नाव तो "हाय" म्हणतो. एकदा चारचौघांत वाचलं आणि "हाय" आलं, की पुढं ते कारखान्यातल्या कुणालाही बदलता येत नाही. त्या वर्षी वाचायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांना वाटलं, मी वाचीन.

आबांना मी रविवारी सकाळी सांगितलं. ते आरसा खिडकीत टेकवून दाढी करत होते.

"तुला कुनी सांगितलं व्हतं हुडकायला?" ते ओरडले. "माझा ऊस उन्हाळ्यापतोर हुबा ऱ्हाईल. आयतं चालून आलेलं, त्येच्यात खडा टाकलास!"

"आबा, तुमचा अर्ज एकवीसचा हाय. त्येच्यावर शिक्का हाय."

"आनि त्या सोळा जनांचं? त्येंचं काय वाकडं व्हनार हाय? आपलंच तेवढं व्हनार!"

त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं आणि शेताकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. सोळा जणांना एक हंगाम सोसला असता, आम्हाला तो सोसणार नव्हता.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. माझा आदेश महिनाअखेरीनंतर निघाला नाही. काका सत्कार घेऊन निवृत्त झाले आणि माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले आणि पोरींना पहिल्याच आठवड्यात झाकण उघडायला शिकवलं. आमचा ऊस खरंच सगळ्यात शेवटी, भर उन्हात तुटला, आणि आबांनी त्या दिवशी मला भरपूर ऐकवलं. यातलं काहीही मला सोमवारी ठाऊक नव्हतं असं नाही. बहुतेक सगळं दिसत होतं.

सोमवारी अकराला पटांगण भरलं. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, काका त्यांच्या मागे उभे. माझ्याकडे दोन याद्या होत्या. साहेबांनी मंजूर केलेली मी घडी घालून पर्समध्ये ठेवली. दुसरी मी अर्जांवरच्या आवकच्या शिक्क्यांवरून रात्रीत नव्हे, दिवसाढवळ्या, ऑफिसच्याच प्रिंटरवर काढली होती. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद हातात धरून मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या काही तारखा सगळं ठीक चाललं. नाव, तारीख, "हाय". नाव, तारीख, "हाय". पण वर घुसवलेली नावं त्या जागी आलीच नाहीत, आणि साहेबांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले. पण दोनतीनशे माणसांसमोर माझ्या हातातून कागद काढून घेणं त्यांना जमलं नाही.

मागं नेलेली नावं आता आपापल्या खऱ्या तारखांना यायला लागली. पहिलं बडं नाव वाचलं. कुणी "हाय" म्हटलं नाही. त्यांची माणसं जमिनीकडे बघत होती. "हाय" म्हटलं तर खरी तारीख कबूल, आणि न म्हटलं तर पटांगणातली माणसं विचारणार, अर्जावरचा शिक्का कितीचा? दुसरं नाव, तिसरं, दहावं. शांतता. पटांगणात कुजबुज वाढत गेली. सोळा नावं झाली. मी सतरावं नाव वाचलं, वडिलांचं, पूर्ण, आडनावासकट, आणि पुढं म्हटलं, "एकवीस तारीख."

ते आले आहेत की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. लिंबाखाली अगदी मागच्या रांगेत एक माणूस उठून उभा राहिला.

"हाय!" आबा म्हणाले, परेडच्या मैदानावर म्हणावं तसं. "एकवीस. बरोबर हाय." आणि मग पुढच्या सगळ्या रांगांवरून नजर फिरवत म्हणाले, "आता बाकीच्या सोळा जनांनी बी म्हना की रं. का माझ्या पोरीनं परत वाचायचं?"

मी पहिल्या नावापासून परत वाचायला सुरुवात केली.